दाराकडे तोंड करून बसणारा माणूस

भाऊ, म्हणजे माझ्या आत्याचे सासरे, दाराकडे पाठ करून कधीच बसले नाहीत. लग्नाची पंगत असो की देवळातलं कीर्तन, आधी दार कुठे आहे ते पाहायचे, मगच बसायचे. दिवाळीच्या तोंडावर, नरकासुराचे पुतळे जाळायच्या रात्री, गोव्यातली आमची सगळी डिचोली रस्त्यावर लोटलेली असायची, फटाक्यांनी कान फुटायचे, आणि हे माजघरात दिवा मालवून बसलेले. आत्या शेजारी बसून अंधारातच वाती वळायची. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना तरुणपणी पकडून नेलं होतं, एवढंच आम्हा मुलांना ठाऊक होतं. घरात या सगळ्याला ‘भाऊंची सवय’ म्हणत.

त्या सवयीला वैद्यकशास्त्राने नाव दिलं ते १९८० साली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्या वर्षी ‘पीटीएसडी’ (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) हा विकार पहिल्यांदा नोंदला गेला. आघात संपून गेल्यावरही शरीर आणि मन त्यातून बाहेर न येणं, असं त्याचं साध्या शब्दांत वर्णन करता येईल. पुढे जगभरच्या १८१ पाहण्या एकत्र करून, निर्वासित आणि युद्धात होरपळलेल्या ८१,८६६ लोकांची माहिती तपासली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साधारण तीस टक्के लोकांमध्ये पीटीएसडी आढळला आणि जवळजवळ तितक्यांमध्येच नैराश्य. पीटीएसडीशी सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते छळाचं.

असं का होतं हे समजायला साध्या आठवणीपासून सुरुवात करू. गेल्या चतुर्थीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना तुम्ही शिडीवरून पडलात. आज ते आठवलं तर गुडघा दुखत नाही, कारण त्या आठवणीवर तारीख आहे, जागा आहे, ‘हे होऊन गेलं’ असा शिक्का आहे. तो शिक्का मारण्याच्या कामात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. धोक्याची घंटा वाजवणारा भाग वेगळा, बदामाएवढा, त्याला अमिग्डाला म्हणतात. जीव जाईल की काय अशी भीती तासन् तास टिकली की ताणाची संप्रेरकं घंटेला अधिक तिखट करतात, आणि शिक्का मारणारा मात्र चाचपडू लागतो. मागे उरते ती बिनतारखेची आठवण. वास, आवाज, अंगावरची कळ, सगळं स्पष्ट, पण कधीचं आणि कुठलं ते नाही. म्हणून फटाका वाजला की भाऊंना कोठडी आठवत नसे. ते कोठडीत असत.

याचा एक परिणाम फार अन्यायकारक आहे. आश्रय मागणाऱ्याची परक्या देशात पुन्हा पुन्हा मुलाखत होते आणि दोन वेळच्या सांगण्यात फरक पडला की तो खोटारडा ठरतो. कोसोव्हो आणि बोस्नियाच्या निर्वासितांवरचा एक अभ्यास २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात त्याच माणसांना तेच प्रसंग काही काळाने पुन्हा विचारले, तर सगळ्यांच्याच सांगण्यात तफावत निघाली. ज्यांचा पीटीएसडी तीव्र होता आणि दोन मुलाखतींमधलं अंतर जास्त होतं, त्यांच्यात ती अधिक. खोटं बोलणारा माणूस गोष्ट पाठ करून येतो. खरं सोसलेल्याची गोष्टच तुटलेली असते.

अपघात आणि छळ यांच्यात फरक आहे तो हेतूचा. वादळाला तुमच्याशी वैर नसतं. छळ करणारा समोर बसून, तुमच्या डोळ्यांत बघून, तुमचं काय मोडता येईल ते शोधत असतो. मानसोपचारतज्ज्ञ मेटिन बाशोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या २७९ छळपीडितांशी बोलून २००७ साली जे मांडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. धमक्या, विटंबना, डोळ्यांवर पट्टी, नग्न उभं करणं यांनी झालेली मानसिक इजा मारहाणीपेक्षा कमी नव्हती. माणूस मोडतो तो वेदनेइतकाच हतबलतेने. पुढे काय होणार, कधी थांबणार, यातलं काहीच आपल्या हातात नाही, या जाणिवेने.

याच बाशोग्लूंनी त्याआधी तुर्कस्तानात राजकीय कार्यकर्ते आणि राजकारणाशी संबंध नसलेले साधे लोक यांची तुलना केली होती. कार्यकर्त्यांचा छळ अधिक झालेला, पण मनाच्या तक्रारी त्यांच्यात कमी. आपल्याला कशासाठी धरलं आहे ते त्यांना ठाऊक होतं आणि मनाची तयारी होती. हे वाचलं की मला गोव्याचे मुक्तिसैनिक आठवतात. मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि सुटले १९६९ च्या जानेवारीत. गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटली तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. सुटले तेव्हा मायदेश त्यांची वाट पाहत होता. भाऊंनाही गाव होतं, घर होतं, दर १९ डिसेंबरला कोणीतरी गळ्यात हार घालत होतं. वाती वळणारी आत्या होती.

निर्वासिताकडे यातलं काहीच नसतं. ज्या गावात सन्मान मिळायचा ते गावच सुटलेलं. वर कागदांची टांगती तलवार. नेदरलँड्समध्ये आश्रय मागणाऱ्या इराकी लोकांची पाहणी झाली, तेव्हा नुकत्याच आलेल्यांपेक्षा दोन वर्षांहून अधिक काळ निर्णयाची वाट पाहणाऱ्यांमध्ये मानसिक विकार जास्त आढळले. म्हणजे सुरक्षित देशात राहूनही माणूस खंगत जातो, कारण निर्णय पुन्हा दुसऱ्याच्याच हातात. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. छळविरोधी करारावर १९९७ साली केली, पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही. माझ्या मते उपचारांची सुरुवात गोळीपासून होत नाही. ती राहायला जागा, हातात कागद आणि कळणारी भाषा इथून होते.

त्यानंतर येते ती खोली. छळातून वाचलेल्यांसोबत काम करणारे लोक खोलीचा विचार फार बारकाईने करतात. खुर्ची दाराजवळची, आणि कुठे बसायचं ते येणाऱ्याने ठरवायचं. टेबलापलीकडून प्रश्नांची सरबत्ती नको, कारण चौकशी तशीच झालेली असते. ज्याला विजेचे झटके दिले गेले त्याला ईसीजीच्या तारा लावण्याआधी त्या दाखवायच्या, काय होईल ते सांगायचं, ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं. दंतवैद्याची खुर्चीसुद्धा अशा माणसाला कोठडीत परत नेऊ शकते. दुभाषाही जपून निवडावा लागतो. भाषा तीच, पण तो विरुद्ध गटातला असला तर सोसलेला माणूस तोंड उघडणारच नाही. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे हिरावलेला ताबा थोडा थोडा परत देणं.

मग गोष्ट सांधायची. एका पद्धतीत जमिनीवर दोरी अंथरतात. तिचं एक टोक म्हणजे जन्म. सुखाच्या प्रसंगाला फूल ठेवायचं, दुःखाच्या प्रसंगाला दगड, आणि सगळं काळाच्या ओळीने. पुढच्या भेटींमध्ये एकेका दगडापाशी थांबून काय दिसलं, काय ऐकू आलं, अंगाला काय जाणवलं ते सावकाश सांगायचं. समुपदेशक मधूनमधून आजच्या खोलीत परत आणतो. बिनतारखेच्या आठवणीला तारीख मिळते ती इथे. सांगितलेलं लिहून पुढच्या वेळी वाचून दाखवतात आणि शेवटी ते कागद त्या माणसाच्याच हातात देतात. साक्ष लिहून काढण्याचा हा विचार लष्करी राजवटीखालच्या चिलीत मानसशास्त्रज्ञांनी आधी रुजवला होता. वाराणसीच्या मानवाधिकार जननिगरानी समितीने पोलिसी छळ सोसलेल्यांसाठी तो वापरला, तोही अशा रीतीने की साक्ष गावासमोर मानाने वाचली जाते.

हे रामबाण नाही. छळपीडितांच्या मानसोपचारांवरचे नऊ प्रयोग २०१४ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा लाभ मध्यम दिसला, तोही लगेच नव्हे, काही महिन्यांनी. पुरावाही फार भक्कम नव्हता. झोपेसाठी, नैराश्यासाठी औषधांची मदत होते, पण तेवढ्याने भागत नाही.

आणि एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? या प्रश्नावर गोव्याने जगाला काहीतरी दिलं आहे. १९९६ साली इथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडे हे काम सोपवून पाहिलं. २०१७ च्या त्यांच्या प्रयोगात आरोग्यकेंद्रात येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांना अशा समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटींनी चांगला फायदा झाला. ते नैराश्य होतं, छळ नव्हे, हे खरं. पण युगांडाच्या नाकिवाले वसाहतीत रवांडा आणि सोमालियाच्या निर्वासितांवर उपचार केले तेही प्रशिक्षण घेतलेल्या निर्वासितांनीच, आणि २००८ साली आलेले त्याचे निष्कर्ष आशादायक होते.

बागा-कळंगुटच्या बाजूला तिबेटी लोकांची दुकानं आहेत. त्यातल्या कोणाच्या मागे काय आहे हे विचारायचं आपल्याला कारण नाही. पण भारतातल्या तिबेटी निर्वासितांच्या १९९८ च्या एका अभ्यासात छळ सोसलेल्यांमध्ये चिंतेचं प्रमाण न सोसलेल्यांपेक्षा जास्त आढळलं होतं. उद्या त्यांच्यातल्याच एखाद्या ताईला तिबेटी बोलीत हे काम शिकवायचं ठरवलं, तर शिकवणारी माणसं याच राज्यात आहेत.

भाऊंना असं कोणी भेटलं नाही. स्वातंत्र्यसैनिकाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज मात्र त्यांना भरावा लागला. कधी पकडलं, कुठे ठेवलं, कधी सोडलं, सगळं ओळीने लिहायचं होतं. त्यांनी त्यावर दोन पावसाळे घालवले, आत्या शुद्धलेखन तपासायची. त्यानंतरच्या दिवाळीला ते पहिल्यांदा ओसरीपर्यंत आले, पोरांचा नरकासुर बघायला. खुर्ची दाराकडे तोंड करूनच ठेवायला लावली, आणि आत्याने ती तशीच ठेवली.