घरच्या कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड करणं (ऑडॅसिटी)

घरचा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, एक माईक, हेडफोन आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावर गाणं रेकॉर्ड करायचं, त्याला घरगुती रेकॉर्डिंग किंवा होम रेकॉर्डिंग म्हणतात. फुकट सॉफ्टवेअरं बरीच आहेत, लिनक्सवाले आर्डर वापरतात, बीट बनवणारी पोरं एलएमएमएस वापरतात, मॅक असेल तर गॅरेजबँड असतंच. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्या साध्या माणसाला पहिल्यांदा सुचवलं जातं ते बहुतेक वेळा ऑडॅसिटी, म्हणून ही नोंद मुख्यतः त्याबद्दल.

ऑडॅसिटीची सुरुवात 1999 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली, डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅननबर्ग हे प्राध्यापक, दोघांना आवाजाचं विश्लेषण स्क्रीनवर बघायला एक साधन हवं होतं. मे 2000 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं, सोर्स कोडसकट. 2021 मध्ये ते म्युझ ग्रुप या कंपनीकडे गेलं, त्यानंतर प्रायव्हसी पॉलिसीच्या मजकुरावरून बराच वाद झाला, पण सॉफ्टवेअर आजही फुकट आणि ओपन सोर्सच आहे.

काम कसं चालतं तर माईकमधून आलेला आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजून आकड्यांत साठवला जातो. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) ऐकू येतं आणि मोजणी त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा करावी लागते, म्हणून हा आकडा. नेहमीच्या सेटिंगला एका मोनो ट्रॅकचा (म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाच्या पट्टीचा) एक मिनिट म्हणजे जवळपास 10 एमबी, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं आठ ट्रॅकवर केलं तर 400 एमबीच्या वर जातं, जागा आधी बघून ठेवा. पूर्वी प्रोजेक्टची एक छोटी फाईल आणि शेजारी डेटाचं वेगळं फोल्डर असायचं, लोक नुसती छोटी फाईल मेल करायचे आणि समोरच्याकडे आवाजच पोचायचा नाही. 2021 च्या 3.0 आवृत्तीपासून सगळं एकाच फाईलमध्ये असतं, ही फार मोठी सोय झाली.

आता खरी गोष्ट. रेकॉर्डिंग बिघडतं ते सॉफ्टवेअरमुळे क्वचितच, बिघडतं खोलीमुळे. फरशी, उघड्या भिंती, वर फिरणारा पंखा, शेजारच्या कुकरची शिट्टी. पंखा बंद करायचा, गाद्या-गोधड्या आणि कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली निवडायची, माईक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका. समोरून गायलात तर भजनातला 'भ' आणि पांडुरंगातला 'प' माईकवर फटका मारतात, त्याला भरतकामाच्या रिंगवर जुना पातळ मोजा ताणून समोर धरला तरी पुष्कळ फरक पडतो. बारीक घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेची ती घरघर असू शकते. आणि लेव्हल! वरच्या सुरात मीटर टोकाला चिकटलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही, म्हणून सगळ्यात जोरात गाऊन बघायचं आणि तेव्हाही मीटर उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवायचं.

नॉईज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करायची सोय, वापरताना आपल्याकडे एक चूक हमखास होते. खोलीच्या शांततेचा चार-पाच सेकंदांचा नमुना घेऊन सॉफ्टवेअर तोच आवाज सगळीकडून काढतं, पण नमुन्यात तानपुरा वाजत असेल तर ते तानपुऱ्यालाच गोंगाट समजतं, कारण तोही सलग चालणारा आवाज. म्हणून नमुना तानपुरा सुरू व्हायच्या आधी घ्यायचा, आणि प्रमाण कमीच ठेवायचं, नाहीतर तानपुऱ्याच्या तारांची, म्हणजे जवारीची, बारीक झणझण जाते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो.

एकावर एक ट्रॅक चढवणं म्हणजे ओव्हरडबिंग: आधीचं हेडफोनवर ऐकत पुढचं वाजवायचं. हेडफोनच, स्पीकर नाही, नाहीतर जुना ट्रॅक परत माईकमध्ये शिरतो. कॉम्प्युटरला आवाज आत घ्यायला आणि बाहेर द्यायला थोडा वेळ लागतो, त्याला लेटन्सी म्हणतात, त्यामुळे नवा ट्रॅक मागे पडतो, तो सेटिंगमध्ये एकदा मोजून दुरुस्त करता येतो. पॉप गाण्याला ही पद्धत उत्तम. पण ख्याल किंवा अभंगाला माझं मत वेगळं आहे, तिथे तबलजी गाणाऱ्याच्या श्वासाकडे बघून वाजवतो, लय हळूहळू चढते, मेट्रोनोमची टिकटिक लावली की ते सगळं आखडतं. तबला, पेटी आणि गाणं एकत्रच बसून एका चांगल्या माईकवर घ्यावं, माईक कुठे ठेवायचा यावर अर्धा तास घालवावा, तो वाया जात नाही.

रियाजाला पट्टी बदलायची सोय फार उपयोगी. काळी एकचा ट्रॅक काळी चारला हवा असेल तर सात स्वर-घरं (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या) वर न्यायचा, पण इतकं ओढलं की वाद्य कृत्रिम वाटतं, दोन-तीन घरांपर्यंत ठीक. लय न बदलता पट्टी आणि पट्टी न बदलता लय, दोन्ही होतं.

अजून एक उपयोग म्हणजे जुन्या कॅसेटी. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाईन-इनला लावायची आणि रेकॉर्ड दाबायचं, 90 मिनिटांच्या कॅसेटला 90 मिनिटंच लागतात, घाई नाही करता येत. लावायच्या आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, वर्षानुवर्षं पडून टेप चिकटलेली असते. मूळ फाईल वेव्हमध्ये (आवाज जसाच्या तसा ठेवणारा प्रकार) ठेवावी, एमपी3 फक्त नातेवाईकांना पाठवायला.