पडत्या काळातला विश्वास : कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीमागचा इतिहास

संकटात विश्वास कसा टिकवावा, हा प्रश्न कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांत विचारला जातो तेव्हा त्याचे उत्तर बहुधा एकट्या माणसाच्या मनोबलात शोधले जाते. अधिक प्रार्थना करावी, अधिक वाचन करावे, मन खंबीर ठेवावे, असे सांगितले जाते. हा सल्ला चुकीचा नाही. परंतु या भागातील मंडळीचा, म्हणजे चर्चचा, गेल्या पावणेदोनशे वर्षांचा प्रवास आणि त्याच्याही मागे असलेला आद्य मंडळीचा इतिहास एकत्र पाहिला, तर विश्वास टिकला तो मुख्यतः एकत्र गाणाऱ्या, एकत्र शोक करणाऱ्या आणि आजाऱ्याच्या दारात जाऊन उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे, असे दिसून येते.

या परंपरेची मुळे बायबलच्या जुन्या करारात आहेत. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले आणि यहुदी लोकांना बंदिवान करून नेले. मंदिर गेले, राजा गेला, देश गेला. तरीही या लोकांची श्रद्धा संपली नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांच्याजवळ तक्रारीची भाषा होती. दीडशे स्तोत्रांपैकी मोठा भाग विलापाचा आहे. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ हा सवाल त्यांत पुन्हा पुन्हा येतो, आणि तो उपासनेतच, सर्वांच्या देखत, चालीवर म्हटला जात असे. दुःखात देवाला जाब विचारणे म्हणजे विश्वास डळमळल्याचे लक्षण, असे आपल्याकडील काही उपदेशांतून सुचवले जाते. ते शास्त्राला धरून नाही. ईयोबाने जाब विचारला, यिर्मयाने विचारला आणि क्रूसावर प्रभू येशूने बाविसाव्या स्तोत्राच्याच ओळीने पित्याला हाक मारली.

नव्या करारातील पेत्राचे पहिले पत्र आजच्या तुर्कस्तानातील पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेले आहे. त्याच बिथुनियाचा रोमी सुभेदार धाकटा प्लिनी याने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनला एक पत्र पाठवले. ख्रिस्ती लोकांची चौकशी करून, त्यांतील काहींना मृत्युदंड देऊन झाल्यावर तो कळवतो की, हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात आणि चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची शपथ घेतात. छळ करणाऱ्याच्याच लेखणीतून उतरलेले हे वर्णन असल्याने त्याचे मोल अधिक आहे.

तिसऱ्या शतकाचा मध्य त्याहून कठीण होता. इ. स. २५० मध्ये सम्राट डेशियसच्या हुकुमाने प्रत्येकाला रोमी देवतांना अर्पण करून तसा दाखला घ्यावा लागला. अनेक ख्रिस्ती लोकांनी नकार दिला आणि मरण पत्करले. पण पुष्कळांनी अर्पण केले आणि काहींनी पैसे देऊन खोटे दाखले मिळवले. छळ ओसरल्यावर हे लोक पश्चात्ताप करीत परत आले, तेव्हा त्यांना घ्यावे की नाही यावरून मंडळीत फूट पडली. रोममधील पाळक नोव्हेशन याच्या गटाने दार बंद केले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेण्याची बाजू उचलून धरली आणि तीच मंडळीची रीत ठरली. आपण नेहमी न डगमगलेल्यांच्या कथा सांगतो. परंतु जे डगमगले आणि ज्यांना पुन्हा पदरात घेतले गेले, त्यांच्यामुळेही मंडळी टिकली, ही गोष्ट माझ्या मते तितक्याच आवर्जून सांगितली पाहिजे. याच सुमारास रोमी साम्राज्यात मोठी साथ पसरली होती. कार्थेज आणि आलेक्सांद्रिया येथील ख्रिस्ती लोक आजाऱ्यांची सेवा करीत राहिले, आणि त्यांतील अनेक जण त्या सेवेतच दगावले.

कोल्हापुरात या इतिहासाचा धागा १८५२ मध्ये येऊन पोहोचला. त्या वर्षी अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा अहमदनगरकडून कोल्हापूर संस्थानात आले. पुढे १८५७ चे वर्ष उजाडले. त्या वर्षीच्या ३१ जुलैला येथील सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला, आणि त्यानंतरच्या काळात कोल्हापूरचे वातावरण परक्यांविषयीच्या संशयाने भरलेले राहिले. अमेरिकेतील ज्या मिशन बोर्डाने वायल्डर यांना पाठवले होते, त्याने कोल्हापूरचे काम सोडून दिले. अमेरिकेला गेलेले वायल्डर १८६१ मध्ये स्वतःच्या जबाबदारीवर परतले, आणि १८७० मध्ये प्रेसबिटेरियन बोर्डाने हे काम हाती घेईपर्यंत येथील लहानशा मंडळीला कोणत्याही मोठ्या संस्थेचा आधार नव्हता. पाठीशी कोणी नसतानाच मंडळीची ही पहिली वर्षे गेली, याचा उल्लेख वर्धापनदिनाच्या भाषणांत क्वचितच होतो.

नव्या विश्वासणाऱ्यावर कोसळणारे संकट मात्र बाहेरून येत नसे, ते घरातूनच येई. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० मध्ये झालेला कायदा कंपनी सरकारच्या मुलखापुरता होता. संस्थानी प्रजेला तो आपोआप लागू नव्हता. जमीन, पाणवठा, सोयरीक, अंत्यविधीचा खांदा या सगळ्यांचा प्रश्न बाप्तिस्म्याच्या दिवशीच उभा राहत असे. महाराष्ट्रात या दुःखाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण कवी नारायण वामन टिळक यांच्या घरचे आहे. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई व ते कित्येक वर्षे एकमेकांपासून दूर राहिले. लक्ष्मीबाईंचा विश्वास त्या ताटातुटीनंतर, हळूहळू आणि स्वतःच्या विचाराने आला.

टिळकांनी मराठी मंडळीला जे दिले ते आजही दर रविवारी कोल्हापुरात ऐकू येते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. अभंग आणि ओवी यांच्या वळणाने त्यांनी भजने रचली. त्यांच्या आधी अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची पद्धत मंडळीत आणली होती. पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीते शिकलेल्या माणसाला म्हणता येत. पण शेतमजुरी करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बाईला दुःखाच्या रात्री जे आठवते ते भजनच. विश्वास टिकण्याच्या दृष्टीने ही गोष्ट कोणत्याही इमारतीपेक्षा मोठी ठरली, असे मी निःशंकपणे म्हणेन.

दुष्काळ आणि प्लेग यांनी या मंडळीची खरी कसोटी पाहिली. १८७६ ते १८७८ चा आणि नंतर १८९९-१९०० चा दुष्काळ दख्खनभर पसरला. पोरकी झालेली मुले मिशनच्या आश्रयाला आली, आणि पन्हाळ्याच्या पायथ्याकडचे कोडोली हे पुढे या भागातील ख्रिस्ती वस्तीचे मोठे केंद्र बनले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला. गावे मोकळी करून माणसे रानात झोपड्या बांधून राहिली. तोवर मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून उभे होते, आणि कोल्हापूर संस्थानातील कित्येक कुटुंबे बैलगाडीने रोगी घेऊन तेथे जात. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या अनेक समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास साह्य केले, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते, याची नोंद येथे कृतज्ञतेने केली पाहिजे.

याच काळापासून एक टोमणा या लोकांच्या मागे लागला : पोटासाठी धर्म बदलला. दुष्काळात भाकरीसाठी आलेले कोणी नव्हतेच, असा दावा मी करणार नाही. भुकेलेल्या माणसाने भाकरीच्या दिशेने जाणे हा गुन्हाही नव्हे. परंतु भाकरी दुसरीकडून मिळू लागल्यावर त्यांची मुले-नातवंडे कोठे राहिली, हे पाहिल्याशिवाय त्या टोमण्याचा निकाल लागत नाही.

ती मुले-नातवंडे मंडळीत टिकून राहिली याचे कारण समजून घ्यायचे तर घरातील प्रार्थनासभा पाहावी. घरात कोणी दगावले की पहिल्या संध्याकाळी सतरंज्या अंथरल्या जातात, चपला दारात ओळीने लागतात, कोणी तरी पेटी आणि डफ घेऊन येतो, आणि पाळकसाहेब पोहोचण्यापूर्वीच एखादी वयस्क बाई भजनाला सुरुवात करते. त्या घरची चूल पेटवू दिली जात नाही; शेजारणी पिठलं-भाकरी आणि कोरा चहा आणून ठेवतात. शास्त्रपाठ बहुधा योहानाच्या चौदाव्या अध्यायातला असतो. ज्याच्या घरी दुःख आहे त्याला त्या दिवशी प्रार्थना सुचत नसेल, तर ती इतर जण त्याच्या वतीने करतात. विश्वास ही एकट्याने उचलायची वस्तू नाही, हे प्रवचनाशिवाय शिकवणारी अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची संख्या आणि त्यांच्याबरोबर येणारा पैसा दोन्ही आटत गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. पण पाळकाचा पगार आणि छपराची कौले यांचा खर्च स्थानिक माणसांनाच भागवावा लागला. उपकारस्तुतीच्या सणाला उपासनेनंतर आवारात लिलाव होतो, त्यात शेतकरी कुटुंबांनी आणलेली गुळाची ढेप, तांदूळ, वांगी, कोंबडी विकायला ठेवली जाते, आणि बाजारात ज्या कोहळ्याला कोणी विचारणार नाही तो तिप्पट किमतीला आनंदाने घेतला जातो. त्या पैशावर कित्येक लहान मंडळ्या चालल्या.

अलीकडची संकटे सर्वांच्या स्मरणात आहेत. २३ डिसेंबर २०१८ रोजी, नाताळच्या दोन दिवस आधी, चंदगड तालुक्यातील कोवाड येथे रविवारच्या प्रार्थनेसाठी जमलेल्यांवर हल्ला झाला आणि अनेक जण जखमी झाले. पुढच्याच वर्षी आणि पुन्हा २०२१ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली. त्या दोन महापुरांच्या मध्ये टाळेबंदी आली, आणि १० एप्रिल २०२० चा उत्तम शुक्रवार व १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा दिवस लोकांनी बंद दारांआड काढले. क्रूसावरील सात उद्गारांवरची तीन तासांची उपासना मोबाइलवर ऐकत घरोघरी झाली. घरातल्या प्रार्थनेची जुनी सवय ज्या कुटुंबांत होती, त्यांना ते दिवस तुलनेने सोपे गेले.

या सर्वांहून लांबलेली अडचण मात्र कागदावरची आहे. येथील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार आणि मांग समाजांतून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती व मुस्लिम वगळलेलेच राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मनिरपेक्ष करण्याची शिफारस केली, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमला गेला. दरम्यान महाराष्ट्रात अशी मुले इतर मागास वर्गात अर्ज भरतात. एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकी ज्याच्या घराने बाप्तिस्मा घेतला नाही त्याला अनुसूचित जातीची सवलत मिळते, आणि दुसऱ्याला ती मिळत नाही. प्रवेशाच्या दिवसांत हा हिशेब प्रत्येक घरात नव्याने मांडला जातो. १९५० नंतर फायद्याची वाट मंडळीच्या बाहेर जाणारी होती. काही कुटुंबांनी ती धरली, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु कोडोलीपासून गडहिंग्लजपर्यंत बरीच घरे सत्तर वर्षांहून अधिक काळ अर्जावर धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ असेच लिहीत आली आहेत.