मानसिक आरोग्य संशोधकांचे प्रशिक्षण : आंतरराष्ट्रीय सहकार्य

विकसनशील देशांतील डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजकार्यकर्ते आणि संख्याशास्त्रज्ञ यांना मानसिक आजारांवर स्वतंत्रपणे संशोधन करता यावे, म्हणून वेगवेगळ्या देशांतील विद्यापीठे, रुग्णालये आणि निधी देणाऱ्या संस्था मिळून जे उपक्रम चालवतात, ते ‘मानसिक आरोग्य संशोधकांचे प्रशिक्षण’ या संज्ञेत मोडतात. दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमापासून संयुक्त पीएच.डी.पर्यंत त्यांचे अनेक प्रकार आहेत. रुग्णावर उपचार करायला शिकवणे हा खरे तर वेगळा विषय. पण ज्या देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, तिथे बाह्यरुग्ण विभागात बसणारा माणूस आणि संशोधन करणारा माणूस एकच असतो. त्यामुळे ही विभागणी कागदावरच राहते.

गरज किती मोठी आहे हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतून ठळकपणे पुढे आले. विक्रम पटेल आणि अतुला सुमतिपाल या मनोविकार-संशोधकांनी मनोविकारशास्त्राची सहा आघाडीची नियतकालिके चाळली. जगातील ९० टक्क्यांहून अधिक लोक ज्या प्रदेशांत राहतात, तिथून आलेले लेख त्यांत अवघे ६ टक्के निघाले. म्हणजे आजाराची व्याख्या, प्रश्नावली आणि औषधाची मात्रा हे सगळे थोड्या लोकांवरून ठरवायचे आणि बाकीच्या जगाला लागू करायचे, असा प्रकार होता.

सहकार्याचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. नायजेरियात अबेओकुटाजवळच्या आरो येथील रुग्णालयात थॉमस अडेओये लँबो यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठासोबत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला योरुबा समाजाची पाहणी केली. त्याच दशकात जागतिक आरोग्य संघटनेने स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचा आंतरराष्ट्रीय पथदर्शी अभ्यास हाती घेतला. आग्रा, इबादान, काली, तैपेई, लंडन, मॉस्को, प्राग, आर्हूस आणि वॉशिंग्टन या नऊ केंद्रांतील १,२०२ रुग्ण त्यात होते. हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम नव्हता, पण प्रशिक्षण त्याच्या पोटातच होते. आग्र्यातला डॉक्टर ज्याला भ्रम म्हणतो त्यालाच मॉस्कोतला डॉक्टर भ्रम म्हणतो का, हे पडताळण्यासाठी सर्वांना एकच मुलाखतपद्धत शिकावी लागली, ती आपापल्या भाषेत आणावी लागली आणि एकमेकांच्या नोंदी ताडून पाहाव्या लागल्या. पुढे पाठपुरावा केल्यावर विकसनशील देशांतील रुग्णांची स्थिती सरासरीने अधिक चांगली आढळली. त्या निष्कर्षावर आजही वाद आहे. तरी तिथल्या केंद्रांत मोजमाप काटेकोर झाले नसते, तर वाद घालण्यासारखे काही हातीच आले नसते.

१९७०च्या दशकात चंदीगडजवळच्या रायपूर राणी या ग्रामीण भागात आणि कोलंबिया, सुदान, फिलिपिन्स आदी देशांत जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक आरोग्यसेवेत मानसिक आरोग्य आणण्याचे प्रयोग केले. आज सर्रास वापरली जाणारी वीस प्रश्नांची ‘एसआरक्यू’ ही चाळणी-प्रश्नावली, म्हणजे मानसिक त्रास असण्याची शक्यता असलेले लोक ओळखण्याचे साधन, त्यातूनच आली.

प्रश्नावली हा या प्रशिक्षणाचा सर्वांत किचकट भाग आहे, आणि बाहेरच्यांना तो सर्वांत सोपा वाटतो. आधी भाषांतर करायचे, मग दुसऱ्याकडून ते मूळ भाषेत उलटे करून घ्यायचे, दोन्ही जुळले की झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात शब्द जुळतात आणि अर्थ निसटतो. झिंबाब्वेत शोना भाषक लोक आपल्या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. तिथल्या राजधानीतील, म्हणजे हरारेतील संशोधकांनी बाहेरची यादी भाषांतरित करत न बसता लोकांच्या अशा बोलण्यातूनच चौदा प्रश्नांची शोना लक्षण-प्रश्नावली घडवली. ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून प्रशिक्षित आजीबाई लोकांचे ऐकून घेतात, त्या ‘फ्रेंडशिप बेंच’ उपक्रमाची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणीही तिच्याच आधारे झाली. असले काम परदेशातल्या वर्गात शिकवता येत नाही. ते त्या गावात, त्या भाषेत, चुका करतच शिकावे लागते.

म्हणूनच प्रशिक्षणाची जागा हळूहळू बदलली. जुनी रीत साधी होती : हुशार डॉक्टर निवडायचा, शिष्यवृत्ती द्यायची आणि लंडनला किंवा अमेरिकेला पाठवायचा. त्यातले बरेच तिकडेच राहिले. अमेरिकेच्या जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर सरकारी पैशाने आलेल्यांना नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. पण अट माणसाला परत आणते; त्याच्यासाठी पद, ग्रंथालय आणि संशोधनाला मोकळा वेळ कुठून आणणार? स्वीडनने रुळवलेली ‘सँडविच’ पीएच.डी. हा मधला मार्ग ठरला : नावनोंदणी आणि अभ्यासक्रम तिकडे, क्षेत्रातले काम इकडे. इथिओपियातील बुटाजिरा भागात स्वीडनच्या ऊमेओ विद्यापीठाच्या साथीने असे अनेक संशोधक तयार झाले.

इथिओपियाचेच दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २००३ पर्यंत तिथे मनोविकारतज्ज्ञ घडवणारा एकही अभ्यासक्रम नव्हता. ज्याला व्हायचे त्याला परदेश गाठावा लागे. त्या वर्षी आदिस अबाबा आणि टोरांटो विद्यापीठांनी उलटा व्यवहार सुरू केला. विद्यार्थी जागेवर राहिले आणि कॅनडाचे शिक्षक महिन्याभरासाठी येऊन वर्गात व वॉर्डात शिकवू लागले. पुढे आदिस अबाबात मानसिक आरोग्यातील पीएच.डी.ही सुरू झाली आणि मार्गदर्शन स्थानिक प्राध्यापक करू लागले.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २००७ मधील जागतिक मानसिक आरोग्यावरील लेखमालेनंतर या क्षेत्राकडे पैसा वळला. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने मानसिक आरोग्यातील नेतृत्वाचा अभ्यासक्रम चालवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०११-१२ मध्ये आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि दक्षिण आशियात पाच सहयोगी केंद्रांना निधी दिला. संशोधन आणि प्रशिक्षण दोन्ही करायचे, ही त्यातली अट. दक्षिण आशियाच्या केंद्रात गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी एकत्र होते, हे विशेष. आफ्रिकेत ‘अमारी’ हा मानसिक आरोग्य संशोधनाचा उपक्रम झिंबाब्वे विद्यापीठातून चालला आणि इथिओपिया, मलावी व दक्षिण आफ्रिका त्यात सहभागी झाले. मुख्यालय आफ्रिकेत असल्याने कोणाला निवडायचे आणि कोणता प्रश्न हाती घ्यायचा हे तिथे ठरू शकले.

‘भागीदारी’ हा शब्द मात्र जपून वाचावा. क्षेत्रात हिंडून माहिती गोळा करणारा लेखकांच्या यादीत मध्येच कुठेतरी आणि पहिले-शेवटचे नाव निधी आणणाऱ्या विद्यापीठाचे, ही तक्रार जुनी आहे. २०२२ मध्ये केपटाऊन येथे झालेल्या संशोधनातील सचोटीवरील जागतिक परिषदेतून संशोधनातील न्याय्य वागणुकीबद्दल निवेदन निघाले, त्यामागे हेच होते. पैशाचा हिशेबही तिरका आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानात वीज, इमारत, लेखापाल अशा अप्रत्यक्ष खर्चापोटी परदेशी संस्थेला अनेक वर्षे ८ टक्के मिळत, तर अमेरिकी विद्यापीठांचा ठरलेला दर अनेकदा ५० टक्क्यांच्या वर असे. ज्याच्याकडे कार्यालय उभे करायचे आहे त्यालाच कमी, असा हा प्रकार.

शिवाय हा पैसा दुसऱ्याच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असतो. ब्रिटनने २०२१ मध्ये परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली, तेव्हा चालू संशोधन प्रकल्पांनाही कात्री लागली. १ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी जाहीर केले की, नवी रचना तयार होईपर्यंत परदेशी संस्थांना उप-अनुदान असलेली अनुदाने दिली जाणार नाहीत. अमेरिकी विद्यापीठाने अनुदान घ्यायचे आणि त्यातला वाटा भागीदार देशातील संस्थेला द्यायचा, याच मार्गाने असंख्य प्रशिक्षण-प्रकल्प चालत आले होते.