सर्फ-अंदाज (वाळूच्या किनाऱ्यावरील लाटांचा)

सर्फ-अंदाज : वाळूच्या किनाऱ्यावर येत्या तासांत व दिवसांत लाटा किती उंचीच्या, किती सेकंदांच्या अंतराने व कोणत्या दिशेने येतील आणि फुटताना त्यांचा आकार कसा राहील, याचे आगाऊ अनुमान. जहाजांसाठीचा सागरी इशारा खुल्या समुद्रापुरता असतो. सर्फ-अंदाजाला त्यापुढे जाऊन लाट उथळ पाण्यात शिरल्यावर तिचे काय होते हेही सांगावे लागते. खडकाच्या किंवा प्रवाळाच्या तळावर लाट फुटण्याची जागा वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. ज्या किनाऱ्यावर लाटा वाळूच्या दांड्यांवर (पाण्याखालील लांबट उंचवट्यांवर) फुटतात (बीच ब्रेक), तिथे मात्र तळच हलता असतो. त्यामुळे दोन-तीन हजार किलोमीटरचा प्रवास अचूक वर्तवणारा अंदाज शेवटच्या दोनशे मीटरांत फसू शकतो.

इतिहास : लाटांचा शास्त्रीय अंदाज नेमका कोणी सुरू केला याविषयी एकमत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून १९२० च्या दशकाच्या आरंभापर्यंत केव्हातरी, मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरील बंदरांना मोठ्या लाटांची पूर्वसूचना देण्याचा प्रयत्न फ्रेंचांनी केला होता. काही अभ्यासक हाच आरंभ मानतात. मात्र वाऱ्याचा वेग, तो किती तास वाहिला आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला या तीन राशींवरून लाटेची उंची व आवर्तकाल (लागोपाठच्या दोन लाटांमधला काळ, सेकंदांत) काढण्याची वापरण्याजोगी पद्धत हाराल्ड स्वेरड्रुप व वॉल्टर मंक यांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत बसवली. सैन्य किनाऱ्यावर उतरवताना नावा उलटू नयेत, हा तिचा तातडीचा हेतू होता. जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या चढाईसाठीही ती वापरली गेली. युद्धकाळात गुप्त राहिलेले हे काम १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीचे प्रयत्न ‘लाटा येणार’ इतकेच सांगत. ‘किती उंच व केव्हा’ याचे उत्तर आकड्यांत देणारी पहिली पद्धत म्हणून स्वेरड्रुप-मंक यांचा दावा अधिक बळकट ठरतो.

त्याच सुमारास ब्रिटिश नौदलाच्या टेडिंग्टन येथील संशोधन गटाने वेगळी वाट धरली. नॉर्मन बार्बर व फ्रिट्झ उर्सेल यांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील नोंदींचे आवर्तकालानुसार पृथक्करण केले. दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांपैकी लांब आवर्तकालाच्या लाटा आधी व आखूड आवर्तकालाच्या नंतर पोचतात, हे त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मोजमापांनिशी दाखवले. आजचा सर्फ-अंदाज संकल्पनेने स्क्रिप्सच्या पद्धतीपेक्षा या कामाला अधिक जवळचा आहे. १९६३ मध्ये मंक व सहकाऱ्यांनी न्यूझीलंड, सामोआ, पाल्मायरा, हवाई ते अलास्का अशी निरीक्षण केंद्रांची रांग लावून दक्षिण महासागरातील वादळांच्या लाटांचा पॅसिफिकच्या आरपार माग काढला. वादळाचे क्षेत्र सोडल्यानंतर लांब लाटांची ऊर्जा वाटेत फारच थोडी घटते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष.

वारा पाण्याला ऊर्जा देतो कशी, हा प्रश्न याहून जुना आणि अधिक वादाचा आहे. हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२५ मध्ये असे मांडले की लाटेच्या आडोशाच्या बाजूला दाब कमी राहतो व त्या फरकाने लाट ढकलली जाते. पुढे प्रयोगांत हा परिणाम अपुरा दिसला. १९५७ मध्ये ओवेन फिलिप्स व जॉन माइल्स यांनी स्वतंत्रपणे दोन उपपत्ती दिल्या. फिलिप्स यांच्या मते वाऱ्यातील खळबळीचे दाब सपाट पाण्यावर पहिल्या लहरी उठवतात. माइल्स यांच्या मते पाण्यालगत वाऱ्याचा वेग उंचीनुसार बदलतो आणि त्यातून आधीच असलेली लाट वाढत जाते. दोन्ही एकमेकींना पूरक मानण्याकडे कल असला, तरी वाढीचा मोठा भाग माइल्स यांच्या यंत्रणेने होतो असे धरूनच बहुतेक गणिती प्रतिमाने बांधली जातात. १९६४ चा पिअरसन-मॉस्कोविट्झ व १९७३ चा जॉनस्वॅप हे तरंग-वर्णपट (लाटांची ऊर्जा आवर्तकालांनुसार कशी विभागली जाते याची सूत्रे), १९८८ चे वॅम प्रतिमान व १९९० च्या दशकात किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी डेल्फ्ट येथे तयार झालेले स्वॅन हे पुढचे टप्पे होत. सर्फरांसाठीच्या (फळीवरून लाटेवर स्वार होणाऱ्यांसाठीच्या) व्यावसायिक सेवा १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात दूरध्वनीवरून सुरू झाल्या.

लाटेचा प्रवास : १५ मी./से. (सु. ५४ किमी./तास) वारा पुरेसा वेळ व पुरेशा अंतरावर वाहिल्यास पूर्ण वाढलेल्या समुद्रात लक्षणीय उंची (व्याख्या पुढे) सु. पावणेपाच मीटर व प्रबळ (सर्वाधिक ऊर्जेच्या लाटांचा) आवर्तकाल सु. ११ सेकंद मिळतो. वादळाबाहेर पडलेल्या सुट्या, गुळगुळीत लाटांना स्वेल म्हणतात. खोल पाण्यात तिची तरंगलांबी (मीटरमध्ये) आवर्तकालाच्या वर्गाच्या १.५६ पट असते आणि ऊर्जेचा वेग (मी./से.) आवर्तकालाच्या ०.७८ पट. म्हणून ३,००० किमी. दूरच्या वादळाची १८ सेकंदांची स्वेल सु. ५९ तासांत पोचते, तर १२ सेकंदांचीला ८९ तास लागतात. नव्या स्वेलची पहिली खूण म्हणूनच उंची नव्हे; बोयाच्या (समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या मोजयंत्राच्या) नोंदीत उंची जेमतेम ०.३ मी. असताना आवर्तकाल १० वरून एकदम १७-१८ वर गेला, तर काही तासांनी समुद्र बदलणार असे समजावे. बोया १०० किमी. दूर, लाटांच्या येण्याच्या रेषेत असेल तर १४ सेकंदांच्या लाटेला तिथून किनाऱ्यापर्यंत सु. अडीच तास लागतात. उथळ पाण्यात ती मंदावते, तेव्हा थोडे अधिक धरणे बरे.

आकडे वाचताना : अंदाजातील ‘१.५ मी., १४ से., २२५°’ या नोंदीत दिशा लाट जिथून येते ती असते. २२५° म्हणजे नैर्ऋत्येकडून. उंची ही ‘लक्षणीय उंची’ असते, म्हणजे सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी. ही व्याख्या मंक यांच्याकडे जाते. अनुभवी निरीक्षक नुसत्या नजरेने जी उंची सांगतो तिच्या जवळचा आकडा मिळावा, हा तिचा उद्देश असल्याचे सांगतात. आज मात्र ती लाटा मोजून नव्हे, वर्णपटाच्या एकूण ऊर्जेवरून काढली जाते. दोन्ही किमती खोल पाण्यात जवळपास जुळतात, फुटण्याच्या पट्ट्यात जुळत नाहीत. १,००० लाटांतील सर्वांत मोठी लाट लक्षणीय उंचीच्या सु. १.८६ पट भरते. १.५ मी. अंदाजाच्या दिवशी १२ सेकंदांच्या लाटांत साधारण सव्वातीन तासांतून एकदा २.८ मीटरची लाट येणे हा अपवाद नाही.

एकाच वेळी दोन स्वेल असतील तर उंचींची बेरीज करायची नसते. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यायचे असते. १.२ मी. व ०.९ मी. मिळून १.५ मी. होतात, २.१ नव्हे. आवर्तकाल ‘सरासरी’ की ‘प्रबळ’ हेही पाहावे, कारण सरासरी किंमत बरीच कमी असते आणि दोन सेवांच्या अंदाजांत दिसणारी तफावत अनेकदा एवढीच असते. उंची मोजण्याच्या रूढींचा वाद वेगळा आहे. हवाईत लाट पाठीमागून मोजण्याची रीत असून ती पुढच्या उभ्या भिंतीच्या निम्म्याच्या आसपास भरते; रीत कशी पडली याच्या अनेक कथा असल्या तरी भरवशाचा पुरावा कोणत्याच कथेला नाही.

उंचीइतकाच आवर्तकाल महत्त्वाचा का, ते फुटताना कळते. खोल पाण्यातील १.५ मी. लाट सरळ किनाऱ्यावर आली, तर ८ सेकंदांची फुटताना सु. २ मी. आणि १६ सेकंदांची सु. २.६ मी. होते (कोमार व गॉघन यांचे १९७२ चे सूत्र). पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की लाट फुटते, असे जॉन मॅककोवन यांच्या १८९४ च्या गणितावरून धरतात. तळाच्या उतारानुसार या गुणोत्तरात बराच फरक पडतो. त्यानुसार वरची पहिली लाट सु. २.६ मी. खोलीवर व दुसरी ३.३ मी. खोलीवर, म्हणजे किनाऱ्यापासून अधिक दूर, फुटेल.

वाळूचे दांडे : नवख्यांचा समज असतो की आवर्तकाल जितका लांब तितके चांगले. बीच ब्रेकवर हे खरे नाही. लांब लाट तळाचा आकार लवकर ‘ओळखते’ व वळून दांड्याला समांतर होते. दांडा सरळ असेल तर शंभर-दोनशे मीटरची भिंत एकाच क्षणी कोसळते (क्लोजआउट) आणि तिच्यावर आडवे सरकायला जागा उरत नाही. ९ ते १२ सेकंदांची स्वेल, किंवा वेगवेगळ्या कोनांतून येणाऱ्या दोन लहान स्वेल, एकमेकींना छेदून सुटी शिखरे बनवतात आणि बहुतेक वाळूच्या किनाऱ्यांवर तीच अधिक उपयोगी पडतात. १६ सेकंदांच्या स्वेलला दांड्यांमध्ये ठळक खाचा असलेला किनारा लागतो.

या खाचा कधी असतात याचे उत्तम वर्गीकरण डॉन राइट व अँड्र्यू शॉर्ट यांनी ऑस्ट्रेलियातील निरीक्षणांवरून १९८४ मध्ये दिले. फुटणाऱ्या लाटेची उंची भागिले (वाळूकणाचा पाण्यात बुडण्याचा वेग गुणिले आवर्तकाल) ही संख्या १ पेक्षा कमी असेल तर किनारा तीव्र उताराचा असून लाट काठावरच आदळते. ६ पेक्षा अधिक असेल तर सपाट, रुंद, फेसाळ. मधल्या किमतींत दांडे व ओढीच्या खाचा तयार होतात. वादळात वाळू बाहेर सरकून दांडा सरळ होतो. शांत दिवसांत तो काही दिवसांत ते आठवड्यांत किनाऱ्याकडे येताना तुटतो व तिरपा होतो. म्हणून मोठ्या वादळानंतर लगेच आलेली उत्तम स्वेल वाया जाते आणि आठवडाभराने आलेली साधी स्वेल कामी येते.

भरती-ओहोटी : ओहोटीला ज्या दांड्यावर १.५ मी. पाणी असते, त्यावर ३ मी. फरकाच्या भरतीला ४.५ मी. असते. १.२ मी. उंचीची लाट ओहोटीला तिथे फुटेल. भरतीला दांडा ओलांडून थेट काठाच्या उतारावर आपटेल. जिथे भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते, तिथे सहा तासांत पाणी दर तासाला एकूण फरकाच्या अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ बारांश (बारावा हिस्सा) चढते, म्हणजे निम्मा फरक मधल्या दोन तासांत उरकतो. उधाणाच्या दिवशी दांडा ‘चालण्याचा’ (त्यावर लाट नीट फुटण्याचा) अवधी त्यामुळे दीड-दोन तासांचाच राहतो. भांगाच्या दिवशी तो बराच लांबतो. छापील कोष्टकात हवेच्या दाबाचा परिणाम धरलेला नसतो. दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी सु. १ सेंमी. वर येते.

वारा व हवामान : समुद्रावरून येणारा वारा लाटेला लवकर, खोल पाण्यातच घरंगळायला लावतो, जमिनीवरून येणारा हलका वारा तिला उभी धरतो व ती उथळ पाण्यात कमानीसारखी कोसळते. ५ नॉटखालील (सु. ९ किमी./तास) वारा कोणत्याही दिशेचा चालतो. १० नॉटपुढे समुद्राकडचा वारा पृष्ठभाग विस्कटतो, तर २० नॉटपुढे जमिनीकडचा वाराही लाट पकडू देत नाही. रात्रीच्या मतलई वाऱ्याचा उत्तरार्ध, म्हणजे पहाट ते सकाळ, बहुधा सर्वांत स्वच्छ. जमीन तापली की दुपारी खारा वारा सुरू होतो. जागतिक प्रतिमानांच्या चौकटी अनेक किलोमीटरांच्या असल्याने हा स्थानिक बदल त्यांत पुसट उमटतो. स्वेलचा अंदाज बरोबर व वाऱ्याचा चुकीचा, हा सर्वाधिक आढळणारा दोष आहे. स्वेलवर पाच-सहा दिवस आधी, वाऱ्यावर दोन दिवस आधी भरवसा ठेवता येतो. वीज कडाडत असल्यास पाण्याबाहेर पडून शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे. जोरदार पावसानंतर नाले व नदीमुखांजवळचे पाणी दोन-तीन दिवस टाळावे.

ओढीचे प्रवाह : दांड्यावर चढलेले पाणी खाचांतून परत जाते, तो रिप प्रवाह. लाटा वाढल्या व ओहोटी लागली की त्याचा जोर वाढतो. वेग बहुधा ०.३ ते ०.६ मी./से.; क्वचित २ मी./से. पर्यंत, ज्याविरुद्ध कोणताही पोहणारा टिकत नाही. फेसाच्या दोन पट्ट्यांमधली, लाटा न फुटणारी गडद पट्टी हीच बहुधा ती जागा, आणि नवख्याला तीच सर्वांत शांत दिसते. सुटकेसाठी किनाऱ्याला समांतर पोहावे, हा रूढ सल्ला. २०१० च्या सुमारास तरंगती यंत्रे सोडून केलेल्या मोजमापांत मात्र बरेच प्रवाह गोल फिरून काही मिनिटांत वस्तू उथळ दांड्यावर परत आणताना दिसले आणि ‘तरंगत राहा’ हा पक्ष पुढे आला. सगळेच प्रवाह असे फिरत नाहीत. काही थेट फुटणाऱ्या लाटांपलीकडे नेऊन सोडतात. म्हणून आधी तरंगून दम राखावा, मदतीसाठी हात वर करावा आणि ओढ सैल झाल्यावर जिथे लाटा फुटत आहेत त्या बाजूला, म्हणजे दांड्याकडे, सरकावे, हा मधला मार्ग अधिक सुरक्षित दिसतो.