लाकडासाठी कमी, जमिनीसाठी जास्त: जंगलं कशी गेली

जंगलतोड म्हटलं की कुऱ्हाड आणि ओंडक्यांनी भरलेला ट्रक आठवतो. पण नुसतं तोडलेलं झाड बरेचदा बुंध्यातून पुन्हा फुटतं, आसपासच्या बियांतून रान परत उभं राहतं. त्या जागी नांगर फिरला किंवा गुरं सोडली, की ते परत येत नाही. शेती सुरू झाल्यापासूनच्या सुमारे दहा हजार वर्षांत जगातलं साधारण एक तृतीयांश जंगल नाहीसं झालं, ते मुख्यतः असंच.

सुरुवातीची रीत साधी होती. झाडं पाडायची, वाळू द्यायची, पावसाच्या तोंडावर पेटवायची. राखेतून पालाश (पोटॅशियम) आणि स्फुरद (फॉस्फरस) मिळतं, दोन-तीन हंगाम पीक जोमात येतं, मग कस उतरतो आणि माणसं पुढे सरकतात. मागचा तुकडा पुरेशी वर्षं पडीक राहिला तर तिथे पुन्हा रान माजतं. म्हणूनच फिरत्या शेतीला सरसकट गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही. पडीक ठेवायची वर्षं कमी झाली, की खरा बिघाड सुरू होतो.

पश्चिम युरोपात अकराव्या ते तेराव्या शतकांत लोकसंख्या वाढली आणि जंगलाची प्रचंड मोठी पट्टी शेतीखाली गेली. पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना लाकडी कोळसा लागू लागला. भट्टीला तो कायम हवा असे, त्यामुळे अनेक ठिकाणी झाडं बुडाशी कापून, फुटवे वाढू देऊन, काही वर्षांनी पुन्हा कापत. भट्टीच्या गरजेपोटी अशी कितीतरी रानं टिकली. आजच्या जर्मनीतल्या सॅक्सनीचे खाण अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये लाकूड पुढेही मिळत राहील अशा बेतानेच तोड करावी, असं लिहिलं, तेही खाणी आणि भट्ट्यांना लाकडाची टंचाई भासू लागली म्हणून.

वसाहतींच्या काळात दूरच्या बाजारासाठी जमीन मोकळी होऊ लागली. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं जंगल आधी उसाने, नंतर कॉफीने खाल्लं.

त्याच देशात १९७० च्या दशकात लष्करी राजवटीने अमेझॉनमधून महामार्ग काढला. माणसांविना पडलेली जमीन जमिनीविना असलेल्या माणसांना द्यायची, अशी घोषणा होती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासी या हिशेबात नव्हतेच, आणि या गोष्टीचा राग येतो. मुख्य रस्त्याला काटकोनात आडरस्ते फुटले, प्रत्येक आडरस्त्यालगत जमिनीचे तुकडे पडले. उपग्रहाच्या चित्रात हे माशाच्या काट्यासारखं दिसतं. जंगल साफ केलेलं असलं की त्या जमिनीवर हक्क सांगणं सोपं जाई, त्यामुळे पिकाची निकड नसतानाही माणसं आग लावत. पाठोपाठ कुरण आलं, कारण गुरं राखायला माणसं कमी लागतात आणि जमीन ताब्यात असल्याचं दिसतं. महागडं लाकूड आधीच काढून नेलेलं असे. लाकूड व्यापाऱ्याने पाडलेली वाटच पुढच्यांच्या कामी येई. या अर्थाने तोही सुटत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाने १९९० ते २०२० या काळात सुमारे ४२ कोटी हेक्टर जंगल तोडून जमीन दुसऱ्या वापरात आली. २००० ते २०१८ मधल्या जंगलतोडीपैकी जवळपास ९० टक्के शेती आणि चराईच्या विस्तारामुळे झाली, असं याच संघटनेने उपग्रहचित्रांवरून काढलं. आग्नेय आशियात यात पाम तेलाच्या लागवडीचा मोठा हात आहे.

जमिनीचा हिशेब बदलला की तोडही बदलते, हे ब्राझीलमध्येच दिसलं. २००४ मध्ये तिथल्या अमेझॉनमध्ये सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल तुटलं. त्यानंतर उपग्रहावरून लगोलग इशारे मिळू लागले, संरक्षित क्षेत्रं वाढली, बेकायदा तोड करणाऱ्यांची बँकेची कर्जं अडली, आणि २००६ मध्ये बड्या व्यापाऱ्यांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन न घेण्याचं ठरवलं. २०१२ पर्यंत आकडा सुमारे ४,६०० वर आला. पुढे पहारा ढिला पडला आणि २०२१ मध्ये तो १३,००० च्या वर गेला.