रिपोर्ट नॉर्मल, त्रास मात्र खरा

महिनोन्‌महिने अंग ठणकतं, जरा धावपळ झाली की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि फाइलमधले सगळे रिपोर्ट मात्र नॉर्मल. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पेशंटला हायसं वाटत नाही, कारण त्रास होता तिथेच असतो. त्यात ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला दोन-चार ठिकाणी ऐकला की माणूस स्वतःच्याच शरीरावर अविश्वास दाखवायला लागतो. मला हे सगळ्यात वाईट वाटतं. तपासणीतून काय कळतं आणि काय कळत नाही हे नीट समजलं, तर त्या अविश्वासाला फारशी जागा उरत नाही.

तपासणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. हिमोग्लोबिन ठीक असतं, पण लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तळाला गेलेलं असतं आणि थकवा त्यामुळेच असू शकतो. फेरिटिन कुणी तपासायला सांगितलेलंच नसतं. सिलिअॅक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते. पोट बरं वाटावं म्हणून पेशंटने आधीच गहू सोडला असेल, तर रक्तातल्या अँटिबॉडी उतरतात आणि आजार असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं) पाळीच्या वेदनांनी बाई कळवळत असते, तरी साध्या सोनोग्राफीत काहीच दिसत नाही असं होतं. या आजाराचं निदान व्हायला अनेकींची कित्येक वर्षं जातात.

उभं राहिल्यावर हृदयाचे ठोके अवाजवी वाढतात, त्या ‘पॉट्स’ या विकाराकडे जरा जवळून बघू. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरतं. एरवी रक्तवाहिन्या लगेच आकसतात आणि तोल सांभाळला जातो. पॉट्समध्ये हे नियंत्रण बिघडतं, मग हृदय जोरात धावायला लागतं. ईसीजी मात्र आडवं झोपवून काढतात, त्यामुळे तो साफ येतो. इथे उपयोगी पडते ती अगदी साधी चाचणी: पाच-दहा मिनिटं पडून राहून नाडी मोजायची, मग उभं राहून दहा मिनिटं मोजत राहायची. रक्तदाब फारसा न उतरता ठोके मिनिटाला किमान ३० ने (१२ ते १९ या वयात ४० ने) वाढून तसेच टिकले आणि असा त्रास तीन महिने चालू असेल, तर डॉक्टर पॉट्सचा विचार करतात. रक्तक्षय, थायरॉइड, शरीरातलं पाणी कमी होणं ही कारणं आधी तपासावी लागतात. चाचणीच्या वेळी चक्कर येऊ शकते, म्हणून शेजारी कुणीतरी हवंच.

मग सरसकट सगळ्याच तपासण्या करून टाकाव्यात का? नको. निरोगी माणसांच्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेऊन नॉर्मलची मर्यादा ठरवतात. त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. पाठ अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी सुमारे ३७ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये मणक्यातल्या चकतीची झीज दिसते. अशा निष्कर्षांचा माग काढताना पैसा आणि उमेद दोन्ही संपतात, मूळ दुखणं बाजूला राहतं.

काही वेदना तर स्कॅनमध्ये दिसणाऱ्या नसतातच. सततच्या वेदनेने मज्जासंस्था इतकी संवेदनशील होते की हलका स्पर्शही झोंबतो. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत मज्जारज्जूतला हा बदल दाखवला. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये ‘नोसिप्लास्टिक’ वेदना (इजा किंवा मज्जातंतूंचा आजार स्पष्ट दिसत नसताना होणारी वेदना) हा वेगळा प्रकार मान्य केला. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणानेही २०१३ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: शारीरिक कारण सापडत नाही, एवढ्यावरून मानसिक आजाराचं निदान करू नये.

आजाराचं नाव कळेपर्यंत उपचार थांबवायचं कारण नाही. झोप, वेदना, मळमळ, चक्कर यांवर आजही इलाज करता येतो. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी त्रास उफाळत असेल, तर नेट लावून व्यायाम वाढवू नये; उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने एमई-सीएफएस या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजारासाठी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार २०२१ मध्ये मागे घेतला. झेपेल तेवढंच काम करावं, मध्ये विश्रांती घ्यावी, बऱ्या दिवशी सगळी थकबाकी उरकायला जाऊ नये.

दर वेळी नव्या डॉक्टरांकडे पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा सगळं चित्र माहीत असलेला एक फिजिशियन धरून ठेवावा. त्यांच्याकडे जाताना जाडजूड फाइलीच्या वर एक पान लावावं: काय, कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कोणती औषधं घेतली, आता कोणतं काम जमेनासं झालंय. ‘खूप थकवा येतो’ यापेक्षा ‘आंघोळ केल्यावर तासभर पडून राहावं लागतं’ हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं. निघण्यापूर्वी विचारावं, की आतापर्यंत कोणते आजार खात्रीने बाद झाले, कोणते अजून बाकी आहेत आणि पुन्हा कधी दाखवायचं. मधल्या काळात वजन आपोआप घटायला लागलं, ताप हटेना, कुठूनही रक्त जायला लागलं किंवा हातापायातली ताकद गेली, तर जुने रिपोर्ट नॉर्मल होते म्हणून त्या तारखेपर्यंत थांबू नये.