रेडिएटरचं अँटिफ्रीझ आणि नळांचं गुलाबी अँटिफ्रीझ: मोटरहोम हिवाळ्यासाठी दारात उभी करण्याआधी

ऑक्टोबर लागला की टोरंटोच्या आसपास मोटारीच्या सामानाच्या दुकानांत दाराशीच कॅनची रास लागते. गुलाबी, हिरवे, नारिंगी, निळे. बहुतेक पावणेचार लिटरचे, बहुतेकांवर ठळक अक्षरांत उणे चाळीस किंवा उणे पन्नास, आणि त्यांतल्या दोन अगदी वेगळ्या द्रवांवर नाव एकच: अँटिफ्रीझ, म्हणजे गोठणं रोखणारं. ज्याची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, हिवाळाभर ड्राइव्हवेवर उभी राहणार आहे त्याला हे दोन्ही लागतात. एक इंजिनात असतं, दुसरं स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या आणि बाथरूमच्या नळांच्या पाइपांत भरायचं असतं. अदलाबदल झाली तर एकीकडे इंजिनाचं वाटोळं होतं आणि दुसरीकडे पिण्याच्या पाण्याच्या वाटेत विष शिरतं.

महाराष्ट्रात वर्षानुवर्षं गाडी चालवून इथे आलेल्यांना कूलंट, म्हणजे इंजिनाचं अँटिफ्रीझ, चांगलं माहीत असतं, पण ते घाटात इंजिन तापू नये म्हणून. नळातलं पाणी गोठून पाइप फुटणं हा प्रकार तिकडे पाहिलेलाच नसतो. त्यामुळे जुनी मोटरहोम हौसेने विकत घेतली की पहिल्या हिवाळ्यात नेमकी इथेच चूक होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

इंजिनातला द्रव बंद वर्तुळात फिरतो. इंजिनाची उष्णता उचलायची, रेडिएटरमध्ये सोडायची, पुन्हा इंजिनात जायचं, आणि हे काही वर्षं न बदलता करायचं. बहुतेक गाड्यांत हा द्रव म्हणजे एथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि थोडी गंजरोधक द्रव्यं. ती गंजरोधकं महत्त्वाची आहेत. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, लोखंडी ब्लॉक, पाण्याचा पंप हे सगळं त्यांच्या जिवावर टिकतं. गोठण्याचा हिशेब मात्र नवख्याला चकवतो. निव्वळ एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठतं. त्यात तेवढंच पाणी मिसळलं की मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत द्रव राहतं. म्हणजे ‘थंडी जास्त आहे, पाणी कशाला, शुद्धच ओतू’ हा विचार इंजिनाच्या बाबतीत उलटा पडतो. कॅन घेताना तो तयार मिश्रणाचा आहे की पाणी घालून वापरायचा, एवढं वाचून घ्यावं.

नळांच्या गुलाबी अँटिफ्रीझचं काम याच्या अगदी उलट आहे. त्याला उष्णता वाहून न्यायची नाही, फिरायचं नाही, वर्षं काढायची नाहीत. नोव्हेंबर ते एप्रिल पाइपांत गपचूप पडून राहायचं आणि वसंतात धुऊन निघून जायचं. त्याच्याकडून अपेक्षा दोनच: पाइप फुटू द्यायचा नाही आणि ज्या पाइपातून पुढे मुलं पाणी पिणार आहेत त्यात विषारी काही मागे ठेवायचं नाही. म्हणून त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, जे खाद्यपदार्थांत आणि औषधांतही वापरतात. काही स्वस्त कॅनमध्ये इथेनॉल असतं. ते ज्वालाग्राही असतं आणि रबरी सील कोरडे पाडतं. लेबलवर प्रॉपिलीन ग्लायकॉल लिहिलेलं असेल तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. वाचलेले दोन डॉलर टॉयलेटच्या सीलच्या रूपाने निघून जातात.

आता त्या उणे पन्नासबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. एक तर हा आकडा बऱ्याचदा फॅरनहाइटमधला असतो, म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण उणे ४५. दुसरं म्हणजे तो गोठण्याचा आकडा नाहीच. हे गुलाबी द्रव उणे दहा-बारा अंशांच्या सुमारासच घट्ट होऊ लागतं. टोरंटोकडे जानेवारीच्या एखाद्या रात्री पारा उणे वीसला जातो, तेव्हा तुमच्या पाइपांत ते बर्फाच्या गोळ्याच्या चुऱ्यासारखं झालेलं असणार. त्याने घाबरायचं कारण नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि टणक होतं; दोन बर्फाच्या बुचांमध्ये किंवा बुच आणि बंद नळ यांमध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि पाइप किंवा जोड फाटतो. ग्लायकॉलच्या मिश्रणात आधी पाण्याचे स्फटिक वेगळे होतात, उरलेला द्रव अधिक दाट होतो आणि आणखी खालच्या तापमानाला गोठतो. त्यामुळे सगळा माल मऊ राहतो, सरकतो, दाब साठू देत नाही. लेबलवरचा आकडा म्हणजे पाइप न फुटण्याची हमी जिथपर्यंत आहे ते तापमान. विनिपेग किंवा एडमंटनसारख्या आणखी थंड ठिकाणी राहणाऱ्यांनी मात्र जास्त दाट, आणखी खालच्या आकड्याचे कॅन घ्यावेत.

यातूनच दोन्हींमधला व्यवहारातला मोठा फरक निघतो. इंजिनाच्या अँटिफ्रीझमध्ये, ते तयार मिश्रण नसेल तर, पाणी घालावं लागतं; गुलाबीमध्ये एक थेंबही घालायचा नाही. त्यात पाणी आधीच भरपूर असतं. पाइपांत शिल्लक राहिलेलं पाणी त्याला आणखी पातळ करतं आणि लेबलवरची हमी संपते. म्हणून ‘पाण्याच्या टाकीत दोन कॅन ओतले आणि पंप चालू केला’ ही पद्धत बिनकामाची आहे. तळाशी उरलेल्या पाण्यात मिसळून ते किती दुबळं झालं हे कळायला मार्ग नसतो.

आधी रिकामं करायचं. वॉटर हीटर बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचा, गरम पाण्याचा एखादा नळ उघडून आतला दाब सोडायचा, मगच हीटरचं खालचं बूच काढायचं. गरम असताना काढलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. टाकीचा आणि पाइपांच्या सर्वांत खालच्या टोकांचा निचरा उघडायचा. पाण्याचा फिल्टर काढून ठेवायचा. मग हीटरला वगळून द्रव पुढे नेणारा बायपास व्हॉल्व्ह फिरवायचा. हे विसरलं तर सहा गॅलनचा, म्हणजे जवळपास २३ लिटरचा हीटर आधी स्वतःचं पोट भरून घेतो आणि दोन-तीन कॅनचं काम आठ-नऊ कॅनवर जातं. हीटरचं विजेचं बटण बंद आहे ना, हेही पुन्हा बघावं. कोरड्या हीटरमधलं एलिमेंट काही क्षणांत जळतं.

पंपाच्या तोंडाशी एक छोटी नळी जोडायची जागा असते. ती नळी सरळ गुलाबी कॅनमध्ये सोडायची आणि पंप चालू करायचा. आता सिंकपाशी उभं राहून बघा. थंड पाण्याचा नळ उघडला की आधी स्वच्छ पाणी येतं, मग नळ खोकल्यागत फसफसतो, मग फिकट गुलाबी छटा दिसते. बरेच जण इथेच नळ बंद करतात. थांबू नका. फिकट रंग म्हणजे पाणी मिसळलेलं अँटिफ्रीझ. कॅनमधल्या इतकाच गडद रंग येईपर्यंत वाहू द्यायचं, मग त्याच सिंकचा गरम पाण्याचा नळ, मग बाथरूमचा, शॉवरचा, टॉयलेटच्या फ्लशचा, आणि बाहेरच्या बाजूला असलेल्या शॉवरचा, जो हमखास विसरला जातो आणि पहिला फुटतो. शेवटी प्रत्येक सिंकखालच्या आणि शॉवरखालच्या वाकड्या पाइपात कपभर ओतायचं, कारण तिथे पाणी साचूनच राहतं. सांडपाण्याच्या टाक्या आधी रिकाम्या करून धुतलेल्या असाव्यात. त्यांच्या व्हॉल्व्हजवळ थोडं गुलाबी राहिलं तर उत्तम.

ब्रिटनमधले मराठी मोटरहोमवाले बहुतेक वेळा सगळं पाणी सोडून नळ उघडे ठेवतात आणि तेवढ्यावर निभावतात. ट्रुमा कंपनीच्या हीटरला तर थंडी वाढून तापमान तीन अंशांच्या आसपास आलं की आपोआप उघडून पाणी सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. तिथल्या हिवाळ्याला ते पुरतं. इकडे टोरंटोच्या ऑन्टारियो प्रांतात मी पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या आत राहिलेल्या घोटभर पाण्यावर विश्वास टाकणार नाही.

इंजिनाच्या बाजूला काम कमी आहे, पण टाळू नये. इंजिन गार असताना झाकण उघडून मिश्रण तपासायचं. त्यासाठी स्वस्तातली पिचकारी मिळते: रबरी फुगा दाबून कूलंट ओढायचं आणि आतले रंगीत गोळे किती तरंगतात ते बघायचं. ही पिचकारी द्रवाची घनता मोजते आणि तिच्यावरचे आकडे एथिलीन ग्लायकॉलसाठीच बसवलेले असतात. प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये बुडवली तर ती खोटं सांगते. नळांतलं गुलाबी तपासायला ती वापरू नका.

आणि रंगावर तर अजिबात जाऊ नका. ‘गुलाबी म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य इकडे सर्रास ऐकू येतं आणि ते धोकादायक आहे. टोयोटाचं इंजिनाचं मूळ कूलंटही गुलाबीच असतं. रंग उत्पादक आपापल्या सोयीने घालतात; तो द्रवाच्या स्वभावाचा नाही. आणखी एक फसवं प्रकरण म्हणजे ‘पाळीव प्राण्यांना कमी घातक’ असं म्हणून विकलं जाणारं इंजिनाचं कूलंट. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं हे खरं, पण गंजरोधकंही असतात, त्यामुळे तेही नळांत चालत नाही. काच धुण्याचा निळा द्रव तर मिथेनॉलचा. तो सिंकमध्ये ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. लेबलवर दोन गोष्टी शोधायच्या: प्रॉपिलीन ग्लायकॉल हे नाव, आणि पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख.

ग्लायकॉल या घराण्याबद्दल मराठी वाचकाने विशेष जागं राहावं असं मला वाटतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरीन रुग्णांना दिलं गेलं आणि १४ जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यासाठीच नेमला होता. २०२२ मध्ये गांबियातल्या मुलांच्या खोकल्याच्या औषधांत डायएथिलीन आणि एथिलीन ग्लायकॉल सापडलं. ती औषधं भारतातून गेली होती. या घराण्यातली सगळी द्रव्यं दिसायला सारखी, चवीला गोडसर, पण मूत्रपिंडाच्या बाबतीत प्रॉपिलीन ग्लायकॉल या दोन विषांपासून कोसभर दूर. एथिलीन ग्लायकॉलचं यकृतात विघटन होऊन शेवटी ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं, त्याचे कॅल्शियमबरोबर स्फटिक होतात आणि ते मूत्रपिंडात अडकतात.

ड्राइव्हवेवर त्याचा पहिला बळी बहुधा मांजर किंवा कुत्रा असतो. गाडीखाली गळलेलं कूलंट ते चाटतात. मांजराला चहाचे एक-दोन चमचे पुरतात. आधी प्राणी झिंगल्यासारखा डळमळतो, ओकतो, मग काही तास बरा वाटतो, आणि लोक निर्धास्त होतात. तो बरा वाटण्याचा काळच उपचाराचा असतो. उतारा काही तासांत मिळाला तरच उपयोग, मूत्रपिंडं बंद पडल्यावर नाही. अमेरिकेतल्या उत्पादकांनी २०१२ च्या अखेरीस त्यात कडू द्रव्य घालण्याचं मान्य केलं, पण कडू लागलं म्हणून प्रत्येक कुत्रा थांबतो असं नाही. गाडीखाली हिरवा किंवा नारिंगी डाग दिसला की त्याच दिवशी शोषून घेऊन धुवावा, आणि चाटल्याचा नुसता संशय आला तरी प्राण्यांच्या डॉक्टरकडे पळावं.

अदलाबदल झालीच तर? गुलाबी अँटिफ्रीझ रेडिएटरमध्ये गेलं असेल तर इंजिन चालू करू नका. आत जे आहे ते उणे दहालाच चिकट होणार, पंपाला ते ढकलता येणार नाही, आणि गंजापासून संरक्षणही नाही. सगळं काढून, धुऊन, योग्य कूलंट भरून घ्यावं. इंजिनाचं कूलंट नळांच्या पाइपांत गेलं असेल तर घरच्या घरी धुऊन भागवू नका. तंत्रज्ञाला दाखवून तो हिरवा कंदील देईपर्यंत त्या गाडीतलं पाणी पिऊ नका, त्याने भांडीही धुऊ नका, आणि नळांवर तशी चिठ्ठी चिकटवून ठेवा.

वसंतात गुलाबी काढणं सोपं. ताजं पाणी भरून प्रत्येक नळ रंग आणि फेस जाईपर्यंत सोडायचा, हीटर अजून बायपासवरच ठेवून. मग टाकीत दर १५ गॅलन पाण्याला पाव कप साधं, सुगंध न घातलेलं ब्लीच घालून ते सगळ्या नळांपर्यंत ओढून घ्यायचं, काही तास ठेवायचं आणि वास जाईपर्यंत पुन्हा धुवायचं. हीटरचं बूच घट्ट बसवून त्यात पाणी भरल्याची खात्री झाल्यावरच तो चालू करायचा. वापरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ सांडपाण्याच्या टाकीतून नेहमीच्या ठिकाणी रिकामं करता येतं. इंजिनातून काढलेलं जुनं कूलंट मात्र गटारात, गवतावर किंवा बर्फाच्या ढिगावर कुठेही ओतायचं नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचं. रिकाम्या झालेल्या गुलाबी कॅनमध्ये तर ते कधीच भरू नये.